पाय पूर्वेला

उदगीरच्या ख्रिस्ती मंडळीत कुणी गेलं की पाळकसाहेबांच्याही आधी निरोप जायचा तो ग्यानोबाला. कबर खणावी तर त्यानंच. डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला. शेवटच्या दिवशी कर्णा वाजेल, प्रभू पूर्वेकडून येईल, मेलेले उठून उभे राहतील, तेव्हा त्यांचं तोंड थेट त्याच्याकडे हवं. ग्यानोबाला अक्षरओळख नव्हती, पण एवढा धर्म त्याला पक्का ठाऊक होता.

बहात्तरच्या दुष्काळात तो आणि त्याची बायको सरजाबाई तलावाच्या कामावर खडी फोडायला जात. मुकादम शरणप्पा त्यांच्याच मंडळीतला, रविवारी पहिल्या चटईवर बसणारा. एके दिवशी सरजाबाई तापानं फणफणली. घटकाभर झाडाखाली टेकू का, असं तिनं विचारलं, तर शरणप्पानं तिला उन्हातच खडी फोडायला बसवलं. दिवस मावळायच्या आत ती गेली. देव बघतोय, असं लोक म्हणाले. देव जरा सवडीनंच बघतो, असं ग्यानोबाला वाटलं.

दोन महिन्यांनी पटकीनं शरणप्पालाही उचललं. लाकूड मिळेना, म्हणून पेटी साधी चौकोनी, दोन्ही टोकं सारखी. पुढचं टोक ग्यानोबानं धरलं, खांदेकऱ्यांना दफनभूमीतल्या चिंचेला वळसा घालून उलट्या बाजूनं आणलं आणि मुकादमाचं डोकं गेलं पूर्वेला. कुणाच्या लक्षात आलं नाही. ऊठ म्हणावं आता, आणि बस पश्चिमेकडे बघत. प्रभू येईल तुझ्या पाठीमागून.

वर्षभर ग्यानोबाला फार बरं वाटलं. मग त्या कबरीला भेग पडली. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतातच, त्यात नवल नाही. ही पावसाळ्यातही मिटेना. तो माती भरायचा, आठ दिवसांत भेग पुन्हा उघडी. भर दुपारी तिथं बसलं की खालून कुरकुर ऐकू यायची, बाजेवर कुणी कूस बदलावी तशी. निवाडा करणं आपलं काम नव्हतं, हे ग्यानोबाला उमगलं होतं, पण कबर उकरणार कशी? कर्णा वाजल्यावर शरणप्पानं विचारलं, मला कुणी फिरवलं, तर सरजाबाईच्या देखत काय सांगायचं?

अशी आठ-नऊ वर्षं गेली. ब्याऐंशीत लातूर जिल्हा झाला, रस्ता रुंद करायचं ठरलं, आणि दफनभूमीतून चुन्याची रेघ गेली. सात कबरी हलवायच्या होत्या, त्यांत शरणप्पाची. ग्यानोबाला हायसं वाटलं. आता आपल्याच हातानं त्याला सरळ करू आणि देवापुढं मोकळे होऊ.

सकाळी दहाच्या उन्हात त्यानं कबर उघडली. फळ्या वाळवीनं खाल्ल्या होत्या. त्यानं हातानं माती सारली आणि तो तिथंच बसला. कवटी पश्चिमेला होती. पाय पूर्वेला, जोडलेले. एकही हाड जागचं हललेलं नव्हतं, बोटांचंसुद्धा नाही.

पाळकसाहेब काठावर उभे होते. ग्यानोबानं खड्ड्यातूनच त्यांना सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, तुझी आठवण चुकत असेल. आणि नसेल चुकत, तर देवानंच नीट केलं, आता भ्यायचं कारण नाही.

"त्याचं नीट झालं, साहेब," ग्यानोबा म्हणाला. "माझ्या हातनं बिघडलं ते माझ्याच हातानं नीट करनार व्हतो. देवानं माझी वाट बी पाह्यली न्हाई."

मग तो हाडं उचलायला वाकला, पण त्याचे हात पुढं होईनात.