मातीचा मानकरी

आमच्या बंदरातली एकही होडी संत कुआनच्या थडग्यावरची चिमूटभर माती घेतल्याशिवाय समुद्रात जात नाही. ही माती मॅकवीर घराण्यातल्या सगळ्यात वडील पुरुषाने उचलायची. दुसऱ्या कुणी उचलली तर ती नुसती माती. मॅकवीर म्हणजे राखणदाराचे वंशज. संताने मरताना आपलं थडगं त्यांच्या मूळ पुरुषाच्या हवाली केलं, असं सांगतात. आयर्लंडमधली बरीच आडनावं अशी कुठल्यातरी कामावरून पडलेली. कामं गेली, नावं राहिली. मॅकवीरांचं तेवढं काम शिल्लक होतं, आणि ते फिंटनकडे होतं.

फिंटन तसा साधा माणूस. खेकड्यांचे पिंजरे विणायचा, दोन गायी सांभाळायचा, कमी बोलायचा. माती देताना मात्र असा उभा राहायचा, की बिशपनेही जरा सरकून जागा द्यावी.

त्याचा मुलगा ओरन मार्चमधल्या एका सकाळी बुडाला. वारा इतका पडलेला, की धुराड्यांचा धूर सरळ वर जात होता. होडी सापडली, होडीत मातीची डबी सापडली, ओरन सापडला नाही. पाद्री म्हणाले, देवाची इच्छा. किनाऱ्यावरचे रक्षक म्हणाले, इंजिन. फिंटनचं समाधान दोन्हींनी झालं नाही. त्याला एकच शंका खात होती: पणजोबा मर्ट थोरल्या पातीतला की धाकट्या? धाकट्या पातीतला असेल तर मान आपला नव्हे, आणि पोराला आपण नुसती माती देऊन पाठवलं.

जुने कागद एकोणीसशे बावीस सालच्या यादवीत डब्लिनला जळाले, तेव्हापासून आमच्याकडे पूर्वजांच्या शोधात निघालेला माणूस शेवटी एखाद्या म्हातारीपाशी पोचतो. फिंटन तालुक्याच्या वृद्धाश्रमात शबेल कीनकडे गेला. पंचक्रोशीतल्या पिढ्या तिला तोंडपाठ होत्या. तिने गायींची चौकशी केली, त्याने नेलेली बिस्किटं संपवली आणि मग सांगितलं.

"कुठली थोरली नि कुठली धाकटी? मर्ट मॅकवीर नव्हताच, पोरा. मीठ विकत फिरायचा, आतल्या मुलखातला. बटाटे कुजले तेव्हा ब्रीद मॅकवीरचे भाऊ सगळे उपासमारीत गेले. तिने याला घरजावई करून घेतलं. घर तिचं, म्हणून नावही तिचंच चिकटलं."

"आणि माती?"

"होड्यांना माती तर हवीच होती. तुझ्यात ब्रीदचं रक्त आहे की."

"हा मान बापाकडून येतो," फिंटन म्हणाला.

मर्टच्या काळात माणसं बुडाली का, हेही त्याने विचारलं. बुडाली की, ती म्हणाली, आणि खऱ्या मॅकवीरांच्या काळातही बुडतच होती. तिच्या मते हा दिलासा होता.

पुढच्याच आठवड्यात टर्लो, ओरनचा शाळेपासूनचा सोबती, नव्या होडीसाठी माती मागायला आला. फिंटनने त्याला सगळं सांगितलं आणि दुसरा कुणी शोध म्हणाला.

"एवढंच ना?" टर्लो हसला. "ते गावाला ठाऊक आहे. आमची आजी म्हणायची, जा रे, मीठवाल्यांकडून माती आण."

फिंटनने हातातला पिंजरा खाली ठेवला. मग म्हणाला, "ओरनला ठाऊक होतं?"

टर्लोचं हसणं गेलं. तो बुटांकडे पाहू लागला. "शाळेत चिडवायचो आम्ही त्याला."

"मग घेऊन कशाला जायचा?"

"तुला बरं वाटायचं म्हणून. म्हणायचा, बाबाला कुणी सांगू नका."

फिंटनने त्याला माती दिली. नाही म्हणायला आता काही कारणच उरलं नव्हतं. अजूनही देतो, जो मागेल त्याला. होड्या रोज जातात, रोज परत येतात. त्या परत येताना दिसल्या, की फिंटन आत जाऊन दार लावून घेतो.