पत्रिका कोणाकडून आली

त्या गावाला मी एकूण नऊ वेळा गेले. लोणारहून सकाळची एसटी धरायची, दुसरबीडला उतरायचं, काळीपिवळी मिळाली तर बसायचं, नाहीतर त्या बाजूला जाणारी कोणाची मोटरसायकल दिसेपर्यंत उभं राहायचं. पिशवीत पाण्याच्या दोन बाटल्या, कोरे फॉर्म, भरलेले फॉर्म वेगळ्या फोल्डरमध्ये, तीन पेन, अंगठ्यासाठी शाईचं पॅड, बिस्किटं. हे सगळं मी आदल्या दिवशीच भरून दाराशी ठेवत असे. मी कॉलेजात ग्रंथपाल आहे. वस्तू जागच्या जागी असल्या की माझं निम्मं काम होतं. उरलेलं निम्मं पायांनी करावं लागतं, आणि त्या उन्हाळ्यात पाय बोलायला लागले होते.

काम विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांचं होतं. मोबाईलवरून येणारे धोके खेड्यात कसे पसरतात, आणि पसरून गेल्यावर माणसांचं आपसात काय होतं, यावर त्यांचं संशोधन चाललं होतं. गावात जाऊन घरोघरी विचारणारं कोणीतरी त्यांना हवं होतं. आमच्या प्राचार्यांनी माझं नाव सुचवलं, कारण मी कागद हरवत नाही आणि नाही म्हणत नाही.

गावात घडलं होतं ते असं. ऐन लग्नसराईत एका सकाळी अंगणवाडी सेविकेच्या फोनवरून घराघरांत एक लग्नपत्रिका गेली. ती पत्रिका नव्हतीच. उघडली की फोनमध्ये काहीतरी शिरायचं आणि मग तो फोन मालकाला न विचारता त्यातल्या प्रत्येक नंबरला तीच पत्रिका पाठवायचा. दोन दिवसांत अर्ध्या गावाचे फोन हातात असून परके झाले. कोणाचं खातं बंद पडलं, कोणाच्या नावानं पाहुण्यांना भलतेसलते मेसेज गेले. फोन नीट झाले तरी गाव नीट झालं नव्हतं, आणि प्राध्यापकांना तेच तपासायचं होतं.

मी प्रत्येकाला तीन गोष्टी विचारायच्या: पत्रिका कोणाकडून आली, किती वाजता आली, का उघडली. नाव लिहायचं नाही. माझ्या याद्यांवरून प्राध्यापक एक नकाशा काढणार होते. प्रत्येक फोन म्हणजे एक वर्तुळ, आणि कोणाकडून कोणाकडे गेली ते दाखवणारे बाण.

तिसऱ्या प्रश्नापुढे पर्याय छापलेले होते: मोह, भीती, कुतूहल, अज्ञान, इतर. पहिल्याच दिवशी एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं मला अडवलं.

"काऊन उघडली म्हंजे? लग्नाचं बोलावनं आलं मॅडम. न उघडून कसं चालंन?"

"पण कोणाचं लग्न आहे तेच माहीत नव्हतं ना?"

"तेच पाहासाठी तं उघडली!"

आतून त्याची बायको बोलली, "त्यायले काय विचारता? जेवन कुठी हाय ते पाहून राह्यले होते."

"तू गप बस वं," म्हातारा म्हणाला आणि मग गंभीर झाला. "मागच्या साली भाच्यानं मोबाईलातच कार्ड धाडलं. म्या पाहिलं नाही. अजून टोमने मारून राह्यला, मामा लय मोठे झाले म्हनते. आता आलेलं कार्ड उघडा लागते मॅडम. मान ठेवा लागते."

हेच उत्तर, थोड्या फरकानं, मला घराघरांत मिळालं. मोहाखाली बसेना, भीतीखाली बसेना. मी 'इतर'वर खूण करून समासात 'मान' असं लिहीत गेले. आठवड्यानं प्राध्यापकांचा फोन आला.

"मॅडम, तुमच्या गावात सगळेच 'इतर' कसे?"

मी समजावून सांगितलं. ते म्हणाले, "बरं, कुतूहलात टाकू." मी वाद घातला नाही. पायात गोळे आले होते.

माझ्या फॉर्मचं पहिलं पान संमतीचं होतं. दोन्ही बाजूंनी बारीक अक्षरात छापलेलं. मी म्हणायचे, "आधी वाचून घ्या." समोरून यायचं, "तुम्ही इतक्या उन्हात आल्या न, आना इकडं. कुठी करू सही?" मलाही पुढचं घर गाठायचं असायचं. मी बोट ठेवायचे आणि तिथं सही व्हायची. एकानंही ते पान वाचलं नाही. ज्या कारणानं त्यांनी पत्रिका उघडली, त्याच कारणानं ते मला सही देत होते, हे माझ्या लक्षात यायला पाच फेऱ्या लागल्या. लक्षात आलं तरी मी पद्धत बदलली नाही. घरं बरीच उरली होती.

पहिल्या प्रश्नाला बहुतेकांचं उत्तर एकच: "अंगणवाडीच्या बाईकडून." कोणी नुसतं सांगायचं, कोणी वर दोन कडू शब्द जोडायचं. बाईंनी मुलांच्या आयांचा मोबाईलवर एक गट केला होता. लसीकरण कधी, वजन कधी, खाऊचे पुडे कधी आले, सगळं त्यावर. पत्रिकेनंतर एकेक बाई त्या गटातून निघून गेली. ज्या राहिल्या, त्या बाईंचा मेसेज उघडत नव्हत्या. त्यामुळं बाई आता रजिस्टर घेऊन दारोदार फिरत. मी एका गल्लीत असले की त्या दुसऱ्या गल्लीत दिसायच्या. दोघींच्या हातात यादी, दोघींच्या डोक्यावर पदर.

त्यांना मी शेवटी शेवटी ठेवलं होतं. सातव्या फेरीला, मुलं घरी गेल्यावर, अंगणवाडीतल्या सतरंजीवर आम्ही बसलो.

"लिहा, माह्याच फोनातून निघाली," त्या म्हणाल्या. "अख्ख्या गावाले माहीत हाय."

"ताई, तुमच्याकडे ती कोणाकडून आली, ते हवंय."

"ते नका लिहू."

मी सगळ्यांना सांगायचे तेच सांगितलं. "आम्ही नाव लिहीतच नाही. कोणाला कळणार नाही."

त्यांनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं, मग फोन पुढे केला. मेसेज पुसलेला नव्हता. पाठवणाऱ्याच्या नावापुढे 'मलकापूर' लिहिलेलं होतं.

"हे कोण?"

"पोरीचे सासरे. म्हंजे व्हायचे. साखरपुडा झाला, तारीख काढनं चालू हाय." त्यांनी आवाज खाली आणला. तिथं तिसरं कोणी नव्हतं तरी. "मले वाटलं, छापाच्या आधी नावं बरोबर हायेत का पाहासाठी धाडली असंन. दोन मिन्टात उघडली."

"त्यांना माहीत आहे, त्यांच्याकडून आली ते?"

"कुठचं! त्याहिचाच फोन आला मले. बाई, तुमच्याकडून आमच्याकडं कायतरी आलं म्हनतेत, फोन जपून वापरत जा."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हननार? हाव म्हनलं, चुकलं माह्यं."

"अहो, खरं सांगायचं ना."

"कोनाले? व्याह्याले?" त्या हसल्या, पण नुसत्या ओठांनी. "मॅडम, त्याहिचा पारा लय गरम हाय. पोराची आधीची सोयरीक मानपानावरून मोडली त्याहिनं. तुमच्यामुळं आख्खं गाव बुडलं, हे पोरीच्या मायच्या तोंडून ऐकून घेतीन ते? गाव मले बोलून राह्यलं ते बोलू द्या. पोरीचं होऊन जाऊ द्या एकदा."

त्या बोलत होत्या तेव्हा माझा हात चालू होता. रकाना भरायचा राहिलेला मला दिसला की मी तो भरते. मी लिहिलं: गावाबाहेरील, होणारे व्याही. वेळ लिहिली. नाव लिहिलं नाही. नियम पाळला होता, त्यामुळं परतीच्या गाडीत मी निवांत डोळे मिटून बसले.

दहा-बारा दिवसांनी प्राध्यापकांनी नकाशा पाठवला. लायब्ररीच्या कॉम्प्युटरवर मी तो उघडला. मधोमध एक मोठं वर्तुळ, 'अंगणवाडी सेविका'. त्यातून चारी बाजूंना बाण. आणि वरून, एका वेगळ्या रंगाच्या वर्तुळातून खाली येणारा एकच बाण. त्या वर्तुळात लिहिलं होतं 'होणारे व्याही'. खाली प्राध्यापकांनी कळवलं होतं की उगम सापडलेलं हे पहिलंच गाव. पुढच्या आठवड्यात ग्रामपंचायतीत जनजागृतीचा कार्यक्रम घेऊ, पडदा लावू, गावकऱ्यांना हाच नकाशा दाखवू.

मी ताबडतोब फोन लावला.

"सर, ते वरचं वर्तुळ काढा."

"का? नाव कुठं आहे त्यात?"

"त्या गावात अंगणवाडी सेविका एकच आहेत."

"असू देत की."

"त्यांना मुलगी एकच आहे. तिच्या साखरपुड्याला अख्खं गाव जेवून आलंय."

माणूस वाईट नव्हता. त्यांच्या टेबलावर अशी कितीतरी गावं होती आणि त्यांनाही अहवाल वेळेवर द्यायचा होता. "ठीक आहे," ते म्हणाले, "लेबल काढतो. बाण ठेवतो."

"बाण दिसला की लोक विचारतील, कोणाचा. सगळ्यांसमोर त्यांनाच विचारतील."

"आणि बाण काढला तर उगम त्याच ठरतात, मॅडम. ज्या बाईंनी सुरू केलं नाही, त्यांनी सुरू केलं असं आपण छापून देणार?"

त्यांचं बरोबर होतं. चुकलं होतं ते माझं, आणि तेही व्यवस्थितपणे, रकान्यात, सुवाच्य अक्षरात. मी उद्या कळवते म्हणून फोन ठेवला. वाचकांची वेळ होती, पण कोणी आलं नाही. मी संमतीचं पान काढलं आणि हातात पेन्सिल घेऊन पहिल्यांदाच पहिल्या ओळीपासून वाचलं. मागच्या बाजूला, खालून दुसऱ्या परिच्छेदात ते होतं. सहभागी व्यक्ती कोणत्याही टप्प्यावर, कोणतेही कारण न देता, आपली माहिती मागे घेऊ शकते. त्यासाठीचा वेगळा कागदही गठ्ठ्यात होता. मी स्वतः त्याच्या वीस प्रती काढून आणल्या होत्या. वीसच्या वीस तशाच होत्या.

दुसऱ्या दिवशी सरांना मी तो परिच्छेद वाचून दाखवला.

"सगळे बाण त्यांच्यापासून निघतात," ते म्हणाले. "त्या गेल्या तर उरतं काय?"

"सुटे ठिपके."

"म्हणजे गाव वगळावं लागेल. तुमचा दीड महिना गेला."

"हो, सर."

"हा परिच्छेद तुम्ही आतापर्यंत किती जणांना वाचून दाखवलात?"

"कोणालाच नाही."

मग ते म्हणाले, "त्यांना दाखवा."

नवव्या फेरीला अंगणवाडीला कुलूप होतं. बाई मागच्या गल्लीत एका दारात उभ्या राहून, उद्या लेकराला वजनाले आन वं, असं सांगत होत्या. आतली बाई बाहेर न येता हो म्हणाली. मला पाहून त्यांचा चेहरा उतरला. नकाशाचं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं, तिथंच, भिंतीच्या हातभर सावलीत. काय लिहिलं, कुठं दिसणार होतं, आणि ते थांबवायचं तर काय करावं लागेल.

"तुम्ही म्हनल्या होत्या, कोनाले कळनार नाही," त्या म्हणाल्या.

"म्हटलं होतं. चुकलं."

त्या अंगणवाडीकडे चालू लागल्या. कुलूप काढून आम्ही आत बसलो. मी कागद त्यांच्यापुढे ठेवला, सहीच्या जागी सवयीनं बोट ठेवलं आणि पेन पुढं केला. त्यांनी पेन घेतला नाही. कागद उचलून उजेडाकडे धरला आणि वाचायला लागल्या. एकेक ओळ, खाली बोट धरून, ओठ हलवत. परतीच्या गाडीला वीस मिनिटं होती. वाचत नका बसू, मी सांगते काय आहे ते, हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. मी पाण्याची बाटली तोंडाला लावली.

"'संशोधक' म्हंजे तुम्ही?"

"मी आणि सर."

"'नष्ट करण्यात येईल.' कसं करान नष्ट?"

"तुमचा फॉर्म आणलाय. इथंच फाडून चुलीत घालू. सरांकडचं ते कॉम्प्युटरमधून काढतील."

"काढतीन?"

"मी त्यांच्याकडून लिहून घेतलंय." मी तो कागदही दाखवला. त्यांनी तोही पूर्ण वाचला.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला आणि गाडी पुढं निघून गेली. पुढची तासाभरानं होती, आली तर.

"हे काय हाय?" त्यांचं बोट मधल्या ओळीवर थांबलं होतं. "'कोणतेही कारण न देता.'"

"म्हणजे, का मागं घेतलं ते सांगायची गरज नाही."

"तुमच्या सरले?"

"सरांना नाही. मलाही नाही."

"कोनालेच?"

"कोणालाच नाही, ताई."

बोट त्या ओळीवरून हललं नाही. मग त्यांनी दुसरा हात पुढं केला आणि पेन मागितला.