खालाचा पिठाचा डबा

पांढरकवड्याला आमच्या शेजारची खाला आल्या-गेल्याचा मोबाइल आधी काढून घ्यायची, पिठाच्या रिकाम्या डब्यात ठेवून झाकण दाबायची, आणि मगच चहा टाकायची. ती ट्रक-मिस्त्रींची बायको, पण खाला, म्हणजे मावशी, साऱ्या गल्लीची. "चुगलखोर हाये थो," म्हणायची.

मी तेव्हा नवा मोबाइल गळ्यात अडकवून फिरायचो. फोन फारसे यायचे नाहीत, दोरी मात्र सगळ्यांना दिसायची. एकदा म्हटलं, "खाला, डब्यातबी वाजतेच ना थो."

"वाजू दे. त्याले समजलं पाहिजे, आपला त्याच्यावर भरोसा नाही."

भरोसा उडाला तो भाचीपायी. शबाना मारकुट्या नवऱ्याला सोडून आधी वणीला लपली, मग बोरी अरबला. दोन्हीकडे तो दारात हजर. आईशी बोलल्यावाचून तिला राहवेना, म्हणून तिनं सिम बदललं, तरी हजर. त्याचा दोस्त मोबाइल कंपनीत होता. चालू फोन जवळच्या टॉवरला आपला ठावठिकाणा देत राहतो, आणि नंबर बदलला तरी हँडसेट ओळखू येतो, ही त्या दोस्ताची फुशारकी फिरत फिरत मिस्त्रींच्या गॅरेजात पोचली. त्याच दुपारी शबाना खालाकडे आली, फोन हातातच.

मी म्हटलं, "नाल्यात फेकू."

"फेकू नको बेटा. इथं बंद पडला तर थो इथंच येऊन धुंडीन. चालू ठेव. त्याले फिराले पाठवू."

लोडशेडिंगचे दिवस. कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या जनरेटरपाशी बसून मी फोन पुरता चार्ज करून आणला. माझं शौर्य एवढंच. कापसाला भाव नव्हता, पण गाठींचे ट्रक हैदराबादकडे जातच होते. ओळखीच्या ड्रायव्हरच्या सीटखाली फोन गेला, आणि शबाना उलट्या दिशेच्या एसटीत बसली.

नवऱ्यानं आदिलाबादच्या पुढे कुठंतरी ट्रक गाठला. ड्रायव्हरनं खालाचा धडा जसाच्या तसा म्हटला, "बाई? थे मघाच उतरली, हैदराबादच्या बसमधी बसली. फोन इसरली वाटते." नवरा हैदराबादेकडे गेला. पांढरकवड्याला तो कधी फिरकला नाही.

मागच्या वर्षी खाला गेली. चाळिसाव्या दिवसाच्या विधीला शबाना आली. केस पिकलेले, चेहरा निवांत. मी विचारलं, "आता कुठं असते बाई तू?"

तिनं माझा मोबाइल घेतला, आतून तोच डबा आणला, फोन त्यात ठेवून झाकण दाबलं. मग सांगितलं.

गावाचं नाव इथं लिहीत नाही. हे मी मोबाइलवरच लिहितो आहे.