लिंक तर माझीच होती

सोमवारी सकाळी साडेदहाला रायपूरजवळच्या हथखोजमधल्या एका फॅब्रिकेशन कारखान्यात माल भरलेले तीन ट्रक वजनकाट्यावर उभे होते. मी काट्याच्या केबिनमध्ये टेबलाखाली पालथा पडून एका निर्दोष केबलला शिव्या देत होतो.

ट्रक निघत नव्हते, कारण चलान निघत नव्हतं. चलान निघत नव्हतं, कारण काट्याच्या कंप्युटरवर एकच निरोप येत होता: डेटाबेसशी संपर्क होत नाही. माल प्लांटमधल्या, म्हणजे इथल्या सरकारी पोलाद कारखान्यातल्या, दुरुस्तीच्या कामासाठी होता आणि दुपारी दोनच्या आत तिथल्या गेटवर पोचायला हवा होता. हातानं लिहिलेलं चलान तिथे घेत नाहीत.

केबिनच्या दारात मालक साहूजींचे बूट दिसले.

"वैरागडे, गाड़ी कब निकलेगी?"

"बस, दस मिनट."

"दस मिनट तो नौ बजे भी बोला था. आज गाड़ी रुकी ना, तो तेरा सारा काम रायपूरवालों को दे दूंगा. सारा."

टेबलाखालून मालकाला उलट उत्तर देता येत नाही. माझ्यासारख्या तापट माणसानंही हे समजून घ्यावं.

या कारखान्याचं कंप्युटरचं काम मी एकोणीस वर्षांपासून करतो. वडील प्लांटमध्ये क्लार्क होते. मला तिथे नोकरी मिळाली नाही, म्हणून मी केबल ओढायला लागलो. आज सिविक सेंटरमध्ये जिन्यावर का होईना, माझं ऑफिस आहे. साहूजींच्या कारखान्यातला प्रत्येक स्विच मी लावला आहे. असं असताना सॉफ्टवेअर क्लाउडवर हलवायचं ठरलं, तेव्हा काम गेलं रायपूरच्या कंपनीला. साहूजी म्हणाले, "तू केबलवाला आदमी है, ये दूसरी चीज है." हा राग मी अजून सोडलेला नाही. त्या दिवशी तर तो ताजाच होता.

मला एवढंच सांगितलं होतं की रायपूरवाल्यांच्या कामावर लक्ष ठेव. मी ठेवलं. जरा जास्तच ठेवलं.

क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीत भाड्यानं घेतलेले कंप्युटर. तिथे आमची दोन नेटवर्क आहेत. दोन खोल्या समजा. पहिल्या खोलीत डेटाबेस आणि अकाउंट्सचा सर्व्हर, दुसऱ्या खोलीत काट्याचा सर्व्हर. मधे दार आहे. कारखान्यापासून तिथवर जाणारी खासगी लाइन माझ्या देखरेखीत आहे. बँकेत "आज लिंक नाही" म्हणून परत पाठवतात ना, ती लिंक म्हणजे अशीच लाइन. आमच्या धंद्यात लिंक म्हटलं की दुसरं काही डोक्यात येत नाही.

तर मी लिंक तपासली. चालू होती. केबल बदलली. स्विच बदलला. राउटर बंद करून चालू केला, रागानं आणखी एकदा केला. काही फरक नाही. आणि अकाउंट्सचं सॉफ्टवेअर मात्र मजेत चाललं होतं. एकाच कारखान्यातून, एकाच लाइनवरून, एकाच डेटाबेसकडे. एकाला रस्ता सापडत होता, दुसऱ्याला नाही.

म्हणजे चूक रायपूरची. मला फार बरं वाटलं. मी टेबलाखालून बाहेर आलो, गुडघे झटकले आणि साहूजींना ऐकू जाईल अशा बेतानं रायपूरला स्पीकरवर फोन लावला.

"मेश्राम मॅडम, आपका माइग्रेशन फेल है."

मेश्राम मॅडम ही त्या कंपनीची इंजिनिअर. डेटाबेस तिनंच आदल्या दिवशी, रविवारी, हलवला होता.

"सर, ज़ोन लिंक चेक किया?"

"लिंक अप है. सुबह से अप है."

"वो वाला लिंक नहीं सर, ज़ोन का."

"सब ज़ोन में अप है!" मी ओरडलो आणि तोंड फिरवून पुटपुटलो, "इले काही समजून नाई राहिलं वाटते."



"काका, मराठी समजते मले. चरोद्याची हाये मी. बाबा तिथल्या रेल्वे यार्डात होते."

साहूजींना मराठी येत नाही. पण माझा चेहरा त्यांना वाचता येत असावा, कारण ते हसले.

"बरं बरं," मी म्हणालो. "मंग सांग, काय करू?"

"काट्याच्या सर्व्हरवरून डेटाबेसचं नाव विचारा. कोणता नंबर येते, तो वाचा."

मी कमांड दिली. "बावन्ननं सुरू होते."

"आता अकाउंट्सच्या सर्व्हरवरून विचारा."

तिथून दहानं सुरू होणारा नंबर आला. नाव एकच, उत्तरं दोन. मी दोन्हीकडून परत विचारून पाहिलं, तेच आलं.

इथे जरा समजावून सांगतो, कारण मलाही ते त्याच दिवशी नीट समजलं. कंप्युटर एकमेकांना नंबरानं ओळखतात. नावं आपल्या सोयीसाठी असतात. नाव विचारलं की नंबर सांगणारी एक वही असते. आमच्या डेटाबेसच्या बाबतीत वह्या दोन होत्या. एक साऱ्या जगासाठी. तिच्यात रस्त्याकडच्या दाराचा नंबर, आणि ते दार चोरांच्या भीतीनं आम्ही कायमचं बंद केलेलं. दुसरी वही घरच्यांसाठी. तिच्यात आतल्या दाराचा नंबर. या घरच्या वहीला झोन म्हणतात. ती कोणत्या खोलीला वाचायला द्यायची, हे प्रत्येक खोलीसाठी वेगळं सांगावं लागतं. ते सांगणं म्हणजे झोन लिंक. अकाउंट्सच्या खोलीला वही दिलेली होती. काट्याच्या खोलीला दिलेली नव्हती. ती बिचारी जगाची वही वाचून बंद दारावर डोकं आपटत होती.

"पण दोन्ही खोल्या जोडल्या हायेत ना?" मी विचारलं.

"काका, पटरी जोडली म्हणून डब्याले पत्ता समजते का? यार्डात डब्यावर चिठ्ठी लावा लागते."

मी साहूजींकडे वळलो. माझा आवाज आपोआप चढला. "देखा सेठजी? एक कमरे को किताब ही नहीं दी इन लोगों ने! आधा काम करके चले गए!"

"काका," मेश्राम मॅडम शांतपणे म्हणाली, "स्पीकर बंद करता का?"

मी बंद केला.

"कामाच्या यादीतलं कलम अकरा. झोन लिंक, नेटवर्क दोन. तुमी खोडलं ते. लाल पेनानं. बाजूले सही हाये तुमची."

मला तो कागद डोळ्यांसमोर दिसला. रायपूरवाल्यांनी कामाची यादी पाठवली होती आणि कारखाना पूर्ण रविवार बंद मागितला होता. पूर्ण दिवस मागतात म्हणजे अर्ध्यात होतं, हा माझा हिशोब. समोरचा काहीही मागो, त्यातलं थोडं कापल्याशिवाय मला जेवण जात नाही. मी बसलो लाल पेन घेऊन. "झोन लिंक" वाचलं आणि पेटलो. लिंक तर मी टाकली, मी सांभाळतो, आणि हे माझ्याच लिंकवर वेळ लावतात? मारली रेघ. शेजारी सही ठोकली, म्हणजे सगळ्यांना कळावं की केबलवाल्यालाही वाचता येतं.

"मी खोडलं तर तुमी कावून होऊ दिलं?" मी आवाज दाबून विचारलं.

"फोन केला होता तुमाले. झोन लिंक पक्की काढायची का, असं विचारलं. तुमी म्हणाले, लिंक माया हातची हाये, तुमी हात लावू नका."

म्हणालो होतो. अगदी याच शब्दांत.

"आता सेठले मी सांगू का तुमी सांगता?"

कुठलाही शहाणा माणूस इथे गप्प बसला असता. मी घासाघीस सुरू केली.

"अर्धी अर्धी वाटून घेऊ. आठ आणे तुमची चूक, आठ आणे मायी."

"काका!"

"बरं, सहा आणे."

"चार आणे घेते. फोनवर नाई, लिहून विचाराले पायजे होतं मी. चारच. वर एक पैसा नाई."

"पाच?"

"गाड्या उभ्या हायेत ना तुमच्या?"

सौदा चारवर पटला. तोवर तिनं तिकडून लिंक करूनही टाकली होती. मी काट्यावर पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तोच निरोप.

"नाई झालं! काही नाई झालं!" माझा आवाज परत चढला.

"जुनं उत्तर पाठ करून बसला असंल सर्व्हर. त्याचं पाठांतर पुसा, मंग विचारा."

एक छोटी कमांड. नाव परत विचारलं. दहा. प्रिंटरनं घसा साफ केला आणि पहिलं चलान बाहेर आलं. बाराच्या आत तिन्ही ट्रक गेटबाहेर होते.

साहूजी ट्रकांची धूळ बसेपर्यंत थांबले. "तो गलती किसकी थी?"

सौदा झालेला होता. तो मोडणं माझ्या धंद्यात बसत नाही. मी म्हणालो, "बारा आना मेरी."

"और चार आना?"

"उसकी. वो खुद मान गई है."

त्यांनी कागद मागितला. लाल रेघ पाहिली, सही पाहिली, माझ्याकडे पाहिलं. "पूछ लेता ना, मतलब क्या है." एवढंच बोलून ते आत गेले. शिव्या घातल्या असत्या तर मला उत्तर देता आलं असतं.

काम मात्र माझ्याकडेच राहिलं. का राहिलं, ते मला नंतर कळलं. साहूजींनी दुपारी रायपूरला फोन करून विचारलं होतं, वैरागडेला काढू का. मेश्राम मॅडमनं सांगितलं, काढू नका, चूक कबूल करणारा माणूस तिकडे आम्हाला लागतो. कबुली मी भाव करून दिली, हे तिनं सांगितलं नाही.

पुढच्या वर्षीच्या करारात एक नवीन कलम आलं: यादीतलं काहीही कापण्याआधी वैरागडेंनी त्याचा अर्थ स्वतःच्या शब्दांत लिहून द्यावा. मला ते अपमानाचं वाटलं. मी पेन काढलं.

साहूजी म्हणाले, "काट, काट. पहले इसका मतलब लिख."

मी सही केली. आता प्रत्येक वेळी लिहावं लागतं. लिहिता लिहिता निम्म्या वेळी कळतं की ते कलम गरजेचं आहे. उरलेल्या निम्म्या वेळी मी कापतोच.