सवतीचा टाक

परदेशी नागरिकाच्या व्हिसाचं काम घेतलं की मी अशिलाला आधी एकच ताकीद देतो: चौकशीला हवालदार येईल तेव्हा घरी राहा आणि शेजाऱ्यांशी गोड राहा. अर्ज हल्ली संगणकावर भरतात, कागदही तिथंच चढवतात. पण शेवटी सगळं अडतं ते गल्लीतल्या एका प्रश्नावर. ही बाई इथंच राहते ना?

इथल्या एका मराठी घरातल्या सुनेलाही हे बजावलं होतं. ती कराचीच्या एका जुन्या मराठी घरातली, पासपोर्ट तिथला. नवरा आमच्या झाशीत रेल्वेत. व्हिसाची मुदत वाढली नाही तर तिला देश सोडावा लागणार होता, आणि लहानगी लेक मात्र इथली, इथंच राहणार.

हवालदार येऊन गेला आणि अहवाल लागला: पत्त्यावर आढळली नाही. मी भडकलो. ती तर त्या दिवशी घरातच गहू निवडत बसली होती. सिव्हिल लाइन्समधल्या माझ्या ऑफिसातून तडक तिच्या गल्लीत गेलो आणि समोरच्या दारात पासपोर्टवरचं नाव विचारलं. शेजारीण म्हणाली, या नावाचं इथं कोणी नाही. मग मी ओट्यावर उभ्या असलेल्या सुनेकडे बोट दाखवलं. तिचं म्हणून शेजारणीनं भलतंच नाव सांगितलं आणि आवाज उतरवून म्हणाली, "नाम तो पहलीवाली का है, भैया. वो तो गुज़र गईं."

भर दुपारचं ऊन होतं, तरी अंगावर काटा आला.

तिच्या सासूबाईंनी काहीच लपवलं नाही. पहिली सून बाळंतपणात गेली होती. दुसरेपणाच्या बायकोनं गळ्यात सवतीचा टाक, म्हणजे मेलेलीची चांदीची इवलीशी प्रतिमा, घालायची, हे जुन्या घरांतलं वळण. यांनी त्यावर कडी केली होती. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहिलं, तेही मेलेलीचंच.

"घर भरलेलं राहिलं," त्या म्हणाल्या.

धन्य! आता दोन्ही नावं एकाच बाईची असं शपथपत्र करावं, तर त्यातल्या एकीच्या मृत्यूची नोंद महानगरपालिकेत. खरं नाव सांगितलं तर गल्ली नाही म्हणते, आणि गल्लीतलं सांगितलं तर ती मेलेली.

मी फेरचौकशी मागितली, शेजाऱ्यांकडून चेहऱ्यावरून ओळख पटवून घेतली. मग अधिकाऱ्यानं सुनेला समक्ष बोलावलं. सासूबाईही सोबत आल्या. आतून पासपोर्टवरचं नाव पुकारलं गेलं. ती बाकावर बसूनच. पुन्हा पुकारलं. मला चीड आली. नुसतं उठायचं तर होतं. जवळ गेलो तेव्हा ती टाक मुठीत धरून हळूच म्हणाली, "मी उठले तर तिनं कुठं जायचं?"

उत्तर सुचलं ते सासूबाईंना. त्यांनी तिची मूठ सोडवली, टाक काढून स्वतःच्या गळ्यात घातला आणि लग्नानंतर पहिल्यांदाच तिला तिच्या माहेरच्या नावानं हाक मारली.

"ऊठ. तिला मी सांभाळते."

ती आत गेली, स्वतःचं नाव सांगितलं, सही केली. ओळख पटल्याचा शेरा पडला आणि पुढे मुदतही वाढली. पण त्या दिवशी निघताना मागून सासूबाईंचा आवाज आला. मेलेलीचं नाव घेऊन त्या "चल" म्हणत होत्या. सून वळली नाही. ती केव्हाच पायऱ्या उतरून गेली होती. मी वळून पाहिलं. बाक रिकामा होता, आणि कोणाला तरी हाताला धरून उठवावं तसा सासूबाईंनी हात पुढे केला होता.