पान सरकलं की पुन्हा बघा

आमच्या रायपूरच्या ऑफिसात शेजारी बसणारे काका पूर्वी उरला औद्योगिक वसाहतीतल्या पोलादाच्या रोलिंग मिलमध्ये सुरक्षेच्या पाट्या लिहायचे. आता ते माणसासाठी कॉम्प्युटर चालवणाऱ्या एआय एजंटने स्क्रीनवरचं पान माउसने कसं सरकवायचं, याच्या सूचना लिहितात. प्रत्येक सूचना स्वतः माउसचं चाक फिरवून तपासतात, आणि तेव्हा डावा हात सवयीने पाठीमागे धरतात, चालू मशीनजवळ धरायचे तसा.

‘पान सरकलं की पुन्हा बघा, मगच बटण दाबा.’ त्यांच्या सूचनांवर शेवटचा हात फिरवणं माझं काम; ही ओळ मला फालतू वाटली, म्हणून मी ती दोनदा खोडली. त्यांनी ती तिसऱ्यांदा लिहिली, तेव्हा मी चिडलो.

“काहून लिहून राहिले, काका? मशीनचं काय बोट तुटते?”

“नाही ना, बेटा,” ते शांतपणे म्हणाले. “मिलमध्येही मशीनचं कधी तुटलं नाही.”