राजीनामा मंजूर

लक्ष्मीकांत बाक्रे विचार मराठीत करत आणि लिहीत हिंदीत. ग्वाल्हेरच्या लोकनीती संस्थानाच्या कचेरीत सव्वीस वर्षं त्यांचं यावर उत्तम चाललं होतं. या संस्थेत पदवी घेतलेली मुलं दोन वर्षं सरकार कसं चालतं ते शिकतात, आणि संस्थान कसं चालतं ते सगळ्यांना बाक्रेबाबूंच्या चार पानी ‘संस्थान समाचार’मधून कळतं. कोण आलं, कोण गेलं, कुठला विषय बंद झाला, कुणाच्या घरी पाळणा हलला. महिन्याच्या पहिल्या सोमवारी अंक फलकावर लागायचा आणि अलीकडे सगळ्यांच्या मोबाइलवरही जायचा.

बातमीत आपलं मत घालायचं नाही, हा बाक्र्यांचा खाक्या. एका संचालकांच्या निरोपाला व्यासपीठावरची खुर्ची मोडून पाहुणे आडवे झाले होते, तरी ‘कार्यक्रम सानंद सम्पन्न हुआ’ असंच त्यांनी छापलं. कुणी चिडवलं तर म्हणायचे, “पाहुण्यांना आनंद झाला नसेल, बाकीच्यांना तर झाला ना.”

अशा माणसाला एका बातमीने तीन दिवस घाम फोडला. बातमी डॉ. निधी भदौरिया यांची होती.

निधी मॅडम आठ वर्षांपूर्वी भिंडहून इथे शिकवायला आल्या. पहिल्याच दिवशी कॅन्टीन बंद होतं. बाक्र्यांनी आपला डबा त्यांच्यापुढे सरकवला आणि त्यांनी कसलेही आढेवेढे न घेता तो चाटूनपुसून संपवला. बाक्रे घरी गेले ते उपाशी आणि खुशीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या पत्नी अपर्णाबाई दौलतगंजच्या घरून दोन डबे पाठवू लागल्या. बाक्रे नवराबायकोला मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल ते दोघं फारसं बोलत नसत, तेव्हा आपणही एवढ्यावरच थांबू. मात्र आठ वर्षांत दुसरा डबा एकदाही चुकला नाही.

मग गेल्या वर्षी नवे संचालक आले, डॉ. समरजीत तोमर. हुशार माणूस, पण घाई फार. आल्या आल्या त्यांनी हजेरीला चेहरा ओळखणारं यंत्र लावलं, जुन्या वाचनालयात संगणक मांडले आणि दोन विषयांची नावं बदलली. बाक्र्यांनी सगळं निमूटपणे छापलं. यंदा त्यांनी ‘ग्रामवास’ बंद केला. ग्रामवास म्हणजे निधी मॅडमचा जीव की प्राण. दर वर्षी आठ आठवडे त्या मुलांना गावात नेऊन ठेवत. रेशन कुणाला मिळतं, हातपंप कुणाच्या दारात बसतो, म्हातारीचं पेन्शन कुठे अडतं, हे मुलं तिथे राहून बघायची. तोमर म्हणाले, हे सगळे आकडे आता संगणकावर मिळतात. मॅडम म्हणाल्या, आकडे मिळतात, म्हातारी मिळत नाही. शब्दाला शब्द वाढला. मॅडमनी तिथल्या तिथे नोकरी सोडत असल्याचं पत्र लिहून दिलं आणि साहेबांनी ते तिथल्या तिथे मंजूर केलं. दोघांनाही संध्याकाळपर्यंत पस्तावा झाला असणार, पण पहिलं पाऊल कुणी टाकायचं?

“अगले अंक में दो लाइन दे दीजिए,” एवढं बाक्र्यांना सांगून साहेब कामाला दिल्लीला गेले.

त्या दोन ओळी काही केल्या उतरेनात. बाक्रे लिहायचे, कागद फाडायचे, पाणी प्यायचे. त्यांना निधी मॅडमनी जाऊ नये असं वाटत होतं, अगदी पोटातून वाटत होतं, पण ते वाटणं छापायची सोय ‘संस्थान समाचार’मध्ये नव्हती. शेवटी रविवारी त्यांनी मनावर दगड ठेवला आणि जे लेखणीतून उतरलं ते न वाचताच छापखान्यात दिलं. मोठ्या अक्षरांत मथळा होता : ‘डॉ. निधि भदौरिया का राजीनामा मंजूर.’ खाली एक ओळ : ‘संस्थान उनकी आठ वर्ष की सेवाओं का सम्मान करता है.’

सोमवारी दुपारी वर्गांतून आरडाओरडा ऐकू आला. बघतात तर मुलं पेढे वाटत होती. एक मुलगी धावत येऊन म्हणाली, “बाबूजी, मुँह मीठा कीजिए, आपने क्या ख़बर छापी है.”

बाक्र्यांचं डोकं सणकलं. जिने या पोरांसाठी उन्हातान्हात गावं पालथी घातली, ती जाते म्हणून पेढे? “मुझे शक्कर की बीमारी है,” असं खोटंच सांगून ते उठले आणि पुढचे दोन दिवस एकाही विद्यार्थ्याशी धड बोलले नाहीत. मॅडमच्या खोलीकडे जायचाही त्यांना धीर होईना. दुसरा डबा ते शिपायाच्या हाती पाठवत.

बुधवारी संध्याकाळी पोहे पुढ्यात असताना त्यांनी बायकोला हे सगळं सांगितलं. अपर्णाबाई शाळेत हिंदी शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी चष्मा लावून अंक वाचला आणि पदर तोंडाशी धरून हसत सुटल्या.

“अहो, हे काय लिहून बसलात? आपल्या शेजारच्या मानसिंगरावांचा भिंतीचा झगडा लोकअदालतीत कशाने मिटला?”

“राजीनाम्याने,” बाक्रे म्हणाले, आणि हातातला चमचा तसाच राहिला.

मराठीत राजीनामा दिला की माणूस जातो. इथल्या हिंदीत राजीनामा झाला की भांडण मिटतं, दोन्ही पक्ष राजी होतात. जाण्याला त्या हिंदीत इस्तीफा म्हणतात. सव्वीस वर्षांत बाक्र्यांनी किती इस्तीफे छापले असतील. पण या वेळी मन थाऱ्यावर नव्हतं, आणि मन थाऱ्यावर नसलं की माणूस आपल्या आईच्या भाषेत जातो. साऱ्या संस्थानाने वाचलं होतं की मॅडमचा आणि साहेबांचा समेट झाला.

“म्हणजे पेढे त्याचे होते,” बाक्रे हळूच म्हणाले. त्यांना पेढा नाकारल्याचं फार वाईट वाटलं.

“आता चूप बसा,” अपर्णाबाई म्हणाल्या. “दुपारी तिचा फोन आला होता मला. साहेब आज दिल्लीहून परतले तर ही आपणहून त्यांच्याकडे गेली, धन्यवाद म्हणायला. दोन तास बसले म्हणे दोघं. चार आठवड्यांचा ग्रामवास द्यायला राजी झालेत ते. मला कळेना, ही धन्यवाद कशाचे म्हणतेय. आता कळलं.”

बाक्र्यांना सगळा घोळ उमगला. मॅडमना वाटलं, साहेबांनी माघार घेऊन बातमी छापवली. साहेबांना वाटलं, मॅडमनी. प्रत्येक जण दुसऱ्याच्या मोठेपणाने विरघळला होता, आणि तो मोठेपणा दोघांपैकी कुणीच दाखवला नव्हता.

“उद्या सांगून टाकतो तिला.”

“बिघडवू नका हो. इतकं छान जमलंय.”

“जयपूरच्या संस्थेने बोलावलंय तिला. उद्यापर्यंत जवाब द्यायचा आहे. माझ्या चुकीच्या भरवशावर तिने चांगली नोकरी नाकारायची? उद्या तिला दुसऱ्या कुणाकडून कळलं, तर?”

सकाळी दुसऱ्या डब्यात अपर्णाबाईंनी एक पुरणपोळी जास्त घातली.

निधी मॅडमच्या खोलीत पुस्तकांची खोकी चिकटपट्टी लावून रचलेली होती. त्या जयपूरला नकार कळवायला संगणकापुढे बसल्या होत्या. बाक्रे दारातच उभे राहिले आणि त्यांनी एका दमात सगळं सांगितलं. राजीनामा, इस्तीफा, मानसिंगरावांची भिंत, सगळं.

मॅडम आधी हसल्या. मग हसू मावळलं.

“तो सर ने कुछ नहीं छपवाया था.”

“नहीं, मैडम.”

“मैं समझी कि उन्होंने रोका है मुझे.” त्या खिडकीबाहेर बघू लागल्या. “चार हफ़्ते तो वो अब भी देंगे, बात के पक्के हैं. पर बाबूजी, आठ साल रही मैं यहाँ. इतने दिनों में एक आदमी ने नहीं कहा कि मत जाओ. सबने सिर्फ़ पूछा, कब जा रही हो.”

शिष्टाचाराची, आदराची, कचेरीची अशी सगळी हिंदी बाक्र्यांपाशी होती. सव्वीस वर्षं ती कधी कमी पडली नव्हती. त्यांनी तोंड उघडलं आणि निघालं ते भलतंच.

“जाऊ नकोस गं.”

म्हणून झाल्यावर ते स्वतःच दचकले. एवढ्या मोठ्या प्राध्यापिकेला अगंतुगं केलं होतं, आणि तेही मराठीत. डब्याची पिशवी त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरली.

निधी मॅडमना मराठी येत नव्हती, पण या तीन शब्दांना कोश लागत नाही. त्या डोळे पुसत म्हणाल्या, “ये भी ग़लती से निकल गया क्या, बाबूजी?”

“नहीं,” बाक्रे म्हणाले. “ये सोचकर बोला है.”

मॅडमनी जयपूरला नकाराचं पत्र पाठवलं, आणि मग उठून जवळच्या खोक्याची चिकटपट्टी सोडवायला घेतली. दुसरं टोक बाक्र्यांनी धरलं.